कागदावरून काढलेली प्लेट

भाऊजी,

तुमच्या शेडची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. ताईनं मागितली नाही आणि मीही दिली नाही. सोमवारी सकाळी शटर उचललं तर आत तोच वास, ऑइलचा, रबराचा आणि तुमच्या त्या लवंगसुपारीचा. तुम्ही जाऊन अठरा दिवस झाले होते. तुमचा चष्मा कामाच्या टेबलावर व्हाइसच्या जबड्याजवळ पडला होता, एक काडी उघडी, एक मिटलेली. मी त्याला हात लावला नाही. बाहेर भनपुरीच्या रस्त्यावर ट्रक धडधडत होते, पंख्याच्या पात्यांवर काळी धूळ तशीच होती. क्षणभर वाटलं, आता गाडीखालून आवाज येईल, "आले का साळेसाहेब? चहा सांगून आले की तसेच हात हलवत?" मी तर उत्तरसुद्धा तयार केलं होतं. मग आठवलं.

लिहिताना मी 'मला' लिहितो, 'तुम्हाला' लिहितो, शाळेत मास्तरांनी छडी मारून शिकवलं ते काही जात नाही. तुम्ही हे वाचलं असतं तर पोट धरून हसले असते. एकदा माझी जुनी चिठ्ठी हातात आली तेव्हा म्हणालेच होते, "बोलाले मले-तुले अन लिहाले मला-तुला. दोन इंजिनाची गाडी हाय तू."

तुमची नोकरी कुठं, गाव कुठलं, मागे कोण कोण, ते सगळं तुमच्या लेकीनं, प्रज्ञानं, छापलेल्या शोकपत्रिकेत आलं आहे. मला ते लिहायचं नाही. मला त्या लाल गाडीबद्दल बोलायचं आहे. खरं तर त्या गाडीतल्या एका प्लेटबद्दल. तुम्ही असताना बोलायला पाहिजे होतं. चार महिने वेळ होता माझ्याकडे.

ती गाडी पहिल्यांदा पाहिली तो दिवस आठवतो. पुरानी बस्तीतल्या त्या वकिलांच्या घरामागं, ताडपत्रीखाली, जर्मन, दोनच सीटची, चारी टायर बसलेले. त्यांच्या लेकानं ती पुलाखालच्या साचलेल्या पाण्यात घातली, इंजिनानं पाणी प्यालं आणि आतले दांडे वाकून बसले. कंपनीचं दुसरं इंजिन आणणं ना वकिलांना परवडणारं होतं ना आपल्याला. वकील म्हणाले, घेऊन जा बाबा, डोळ्यासमोरून तरी हटेल. उरला इंडस्ट्रियल एरियातल्या रोलिंग मिलमधे जन्मभर मेंटेनन्स करून रिटायर झालेला माणूस घरी बसतो, पेपर वाचतो, भाजी आणतो. तुम्ही ती गाडी ओढून भनपुरीला आणली. ताई महिनाभर तुमच्याशी धड बोलली नाही. मला मात्र फोन करून म्हणाली, "तुया भाऊजीनं सवत आणली, येऊन पाहून जाय."

मग एक दिवस तुमचाच फोन आला, "लवकर ये, नवरदेव आला." जाऊन पाहतो तर पोत्यात गुंडाळलेलं जपानी इंजिन. कुठल्याशा अपघातातल्या गाडीतून काढलेलं, छोटं, चार सिलिंडरचं, पण तुमच्या म्हणण्याप्रमाणं जिवाला चिवट. पोरगी जर्मन, नवरदेव जपानी आणि मांडव भनपुरीत. मी कपाळाला हात लावला.

आपला वाद तिथूनच सुरू झाला, आणि तो कधी संपलाच नाही. मी म्हणालो, भाऊजी, एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचं इंजिन घालायचं, म्हणजे मग ती गाडी कोणाची? जर्मन म्हणायची की जपानी? इंजिन काढलं की ती ती राहिली का? तुमच्या घरच्या ओसरीत बसलो होतो. तुम्ही सुपारी कातरत म्हणाले, "तुया ताईनं माहेरचं आडनाव टाकलं. मंग ते तुयी ताई नाही राहिली का?" आतून ताईच बोलली, "आडनाव टाकलं, जीभ नाही टाकली म्हणा." तुम्ही एवढे हसले की अडकित्ता खाली पडला. दुसऱ्या दिवशी बॉनेटवरचा कंपनीचा बिल्ला तुम्ही काढून टाकला. तिथं दोन भोकं राहिली. तिथं काय लावायचं यावरही आपलं भांडण झालं, आणि ती भोकं अजून तशीच आहेत.

रस्त्यावर फिरवायला नव्हतीच ती. दोन तासांवर एक जुनी बंद धावपट्टी आहे, तिथं हौशी लोक रबरी कोन मांडून वळणं तयार करतात आणि घड्याळ लावून एक-एक गाडी सोडतात. तुम्ही आणि प्रज्ञा दोघं बापलेक बघायला जात होते. ती तिथं मित्रमैत्रिणींच्या गाड्या चालवायची आणि तुम्ही कठड्याला टेकून उभे. परत आले की आठवडाभर तेच, कोणाचं इंजिन कुठं दमलं, कोण वळणावर घाबरलं. एकुलत्या एक पोट्टीला बँकेत नोकरी, आणि बाप तिला रेसची गाडी बांधून देतो. पाहुणे तुम्हाला येडं म्हणायचे. तुम्हाला ते आवडायचं.

आता प्लेट. तुम्हाला काय सांगू, पण मला स्वतःलाच एकदा नीट सांगायचं आहे. इंजिन एका घरचं, गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा, एकाची भोकं दुसऱ्याला जुळत नाहीत. म्हणून दोघांच्या मधे ॲल्युमिनियमची जाड प्लेट घालायची, एका बाजूनं इंजिनाला बसेल, दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्सला. बोल्ट थोडे इकडेतिकडे झाले तर चालतं. पण दोन खुंट्या असतात, डॉवेल म्हणतात त्यांना, त्या इंजिनाचा दांडा म्हणजे क्रँक आणि गिअरबॉक्सचा दांडा, दोन्हींचा मध्य एका रेषेत आणतात. त्या केसभरसुद्धा हलल्या तर फिरणारा दांडा वाकडा धरला जातो, आणि जोरात पळवलं की आतून सगळं खाऊन टाकतो. तुम्ही म्हणाले, "प्लेट साळेसाहेब करन. रेल्वे कारखान्यात एकतीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस हाय." पाहुण्यांसमोर म्हणाले. माझी छाती फुगली.

ते मे महिन्याचे दिवस होते. मी इंजिनाच्या पाठीवर जुन्या कॅलेंडरचा जाड कागद लावला आणि हातोडीच्या गोल तोंडानं हळूहळू ठोकून सगळ्या भोकांच्या कडा त्यावर उमटवल्या. गॅस्केट मी जन्मभर असंच कापलं. तुम्ही पाहत होते. केसभर फरकही सुईवर दाखवणाऱ्या डायलकडे बोट करून म्हणाले, "गॅस्केटले चालते हे. डॉवेलले नाही चालत. क्रँकवर डायल लावून मध्य घे. कागद श्वास घेते, बाबू."

मी चिडलो. म्हणालो, मिलमधे जाड्याभरड्या सुतात मोजणारी माणसं तुम्ही, दीड सूत अन पावणेदोन सूत, तुम्ही मला माप शिकवता का जी?

"हव," तुम्ही म्हणाले, आणि विषय सोडला.

तुमचे दोन 'हव' होते. दोन्ही तुमच्या छत्तीसगढी शेजाऱ्यांकडून उचललेले. एक आखूड, म्हणजे पटलं, झालं, पुढं चला. दुसरं लांब, हऽऽव, मान जराशी तिरपी करून. म्हणजे मला माहीत आहे तू फेकून राहिला, पण फेक. भाजीवाल्याला ते मिळायचं, मिलच्या साहेबाला मिळायचं, ताईच्या माहेरच्या समस्त लोकांना मिळायचं. त्या दिवशीचं आखूड होतं. लांब मला नंतर मिळालं.

आणि मला डायल कोणी शिकवला होता, भाऊजी? तुम्हीच ना. रेल्वेत लागायच्या परीक्षेआधी मी रडकुंडीला आलो होतो, तेव्हा तुम्ही ताईचं लाटणं उचललं, दोन खिळ्यांच्या मधे धरलं आणि त्यावर मिलमधून मागून आणलेल्या डायलची सुई टेकवली. लाटणं फिरवलं तशी सुई नाचायला लागली. "पाय," तुम्ही म्हणाले, "डोळ्याले सरळ दिसते, सुईले नाही दिसत. डोळा लाज राखते, सुई नाही राखत." ताई म्हणाली, "म्हणून माया पोळ्या वाकड्या होतात वाटते." ती नोकरी मला त्या लाटण्यानं दिली. माझं घर, माझ्या लेकरांचं शिक्षण, सगळं त्या लाटण्यावर उभं आहे. आणि तुमच्याच गाडीला मी डायल लावला नाही.

प्लेट मी ऑगस्टमधे कापली. कागद तोवर माझ्या घरी कपाटावर पडून होता. मेमधे आपल्याकडे पापडसुद्धा दोन तासात वाळतो, आणि ऑगस्टमधे काडेपेटी पेटत नाही. कागदानं श्वास घेतला होता. मला ते सुचलंच नाही. कागद प्लेटवर ठेवला, मध्य टोचले, भोकं पाडली, डॉवेल ठोकले. प्लेट दिसायला अशी देखणी झाली की तुम्ही दोन्ही हातात धरून उजेडात फिरवून पाहिली आणि प्रज्ञाला म्हणाले, "याले म्हणते काम."

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेडचे पत्रे वाजले. तुम्ही मला मिठी मारली, तुमच्या हाताचं काळं माझ्या पांढऱ्या शर्टाला लागलं, तो शर्ट मी धुतला नाही. अजून आहे. खरंच सांगतो, माझ्या लग्नात मला एवढा आनंद झाला नव्हता, बायकोला सांगू नका.

आणि मग थरथर. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर गेलं की गाडी थरथरायची, गिअरचा दांडा हातात झिणझिणायचा. तुम्ही इंजिन बंद केलं, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "प्लेटले डायल लावला होता ना?"

"लावला होता."

"हऽऽव."

मी ते आखूड ऐकलं. मला आखूडच ऐकायचं होतं.

दोनतीन आठवड्यांनी कपाटावरून काहीतरी काढताना तो कागद खाली पडला. का कोण जाणे, मी पट्टी लावली. मेमधे मी त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दोन डॉवेलमधलं अंतर लिहून ठेवलं होतं. आता ते अर्धा मिलिमीटर जास्त भरत होतं. मी तीनदा मोजलं. मग कागदाचे तुकडे केले आणि गॅसवर जाळले. बायको म्हणाली, "काय जळून राहिलं?" मी म्हणालो, काही नाही, जुना हिशोब.

त्या दिवशी स्कूटर काढून भनपुरीला यायला पाहिजे होतं. वीस मिनिटांचा रस्ता. आलो नाही. दुसऱ्या दिवशी आलो, तर तुम्ही म्हणाले, "मले वाटते इंजिनाचे माउंटच चुकले. बदलून पाहू." इंजिन चेसिसवर ज्या कानांनी टांगलेलं असतं, ते तुम्ही बनवले होते. तुम्ही ते काढले, नवे केले. थरथर गेली नाही. पुन्हा काढले. तिसऱ्यांदा मऊ रबर टाकून केले. बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचा माणूस, दम्यासारखा खोकला, गाडीखाली पाठीवर पडून. आणि मी बाजूला बसून तुम्हाला पाने देत होतो. बारा-तेराचा मागितला की बारा-तेराचा, चौदा-पंधराचा मागितला की चौदा-पंधराचा. तोंड मात्र उघडलं नाही. याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे, भाऊजी, मी लिहीत नाही.

मग दोनेक आठवडे माझं शेडमधे येणं झालं नाही. आणि मग तो रविवार. नागपूरहून तुमचे चुलतभाऊ सहकुटुंब आले होते, ताईनं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. कोणीतरी विचारलं, काय झालं हो त्या रेसच्या गाडीचं? तुमच्या आधी मीच बोललो. भरल्या ताटावर बसून बोललो, "माउंट चुकले भाऊजीचे. सुतात मोजते हा माणूस, कसं जमन?" सगळे हसले. मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो. तुम्ही वरणात भात कालवला आणि म्हणाले, "हव. माये माउंटच चुकले." आखूड. प्रज्ञा ताटावरून उठून आत गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली.

त्यानंतर मी शेडमधे आलो नाही. कधी गुडघा, कधी डोळ्याचं ऑपरेशन, कधी व्याह्यांकडचं लग्न. तुम्ही फोन करत होते. शेवटचा फोन मला शब्दन् शब्द पाठ आहे. "येऊन पाय ना एकदा. लोण्यावानी चालून राहिली आता." मी मनात म्हणालो, रबर मऊ टाकलं म्हणून थरथर दबली असेल, आत दांडा तर झिजतोच आहे. तोंडानं म्हणालो, "पाहू भाऊजी, पुढच्या आठवड्यात." पलीकडे तुमचा अडकित्ता वाजला. मग म्हणाले, "ये. मी आहोच इथं."

नव्हते तुम्ही. पुढच्या आठवड्यात तुम्ही दवाखान्यात होते, न्युमोनिया, आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. तोंडावर मास्क होता. तुम्ही माझं बोट धरलं. मी म्हणणारच होतो, देवाशप्पथ म्हणणार होतो, तेवढ्यात नर्स म्हणाली, बाहर चलिए. आणि मी बाहेर आलो. खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं. त्या सुटकेची मला आता इतकी किळस येते की जेवण जात नाही.

पुण्यानुमोदनाला भंतेजींचं झालं, लोक बोलायला उठले. कोणी तुमच्या मिलच्या आठवणी सांगितल्या, कोणी तुमच्या सुपारीच्या. शेवटी प्रज्ञा उभी राहिली. पांढऱ्या साडीत ती अगदी ताईसारखी दिसत होती. म्हणाली, "पापा ने इस महीने एयरस्ट्रिप की रेस में नाम लिखवाया था. अपना नहीं, मेरा. गाड़ी मैं चलाऊँगी." बायका रडायला लागल्या. त्या गाडीत माझी प्लेट होती. सहा हजार फेऱ्यांवर क्लच फुटला तर त्याचे तुकडे पत्रा फाडून पायात येतात, हे मला माहीत होतं आणि तिथं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं, असं मला वाटत होतं.

सगळे गेल्यावर ताईनं मला बोलावलं. डोळे कोरडे, आवाज बसलेला. "मले त्यातलं काही समजत नाही," म्हणाली. "तू एकदा पाहून घे. तू म्हणशीन चालते, तर जाऊ देतो तिले. तू म्हणशीन नाही, तर ते गाडी भंगारात देतो. नवरा गेला माया, पोरगी नाही घालवायची मले."

तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. मी काय केलं? उरल्याला ओळखीच्या वर्कशॉपमधे जाऊन दुसरी प्लेट केली. या वेळी दोन्ही बाजूनं डायल लावून, कागदाचं नाव नाही. चार दिवस लागले. मनात हिशोब असा की गुपचूप बदलून टाकू, पोट्टी सुरक्षित, ताई निश्चिंत, आणि साळेसाहेबांची अब्रू शाबूत. तुम्ही गेल्यावरही मी तुमच्याशी खोटंच बोलायला निघालो होतो.

म्हणून सोमवारी शटर उचललं. प्रज्ञा बँकेत होती. चेनपुली लावली, एकट्यानं गिअरबॉक्स उतरवला, कंबर धरली. प्लेट समोर आली. माझीच, देखणी. पण डॉवेल माझे नव्हते.

मी बसवलेल्या खुंट्या बाजारच्या, सरळ गोल होत्या. या हातानं केलेल्या होत्या. अर्धी खुंटी एका मध्यावर आणि उरलेली अर्धी जराशी सरकवून, म्हणजे प्लेटचं भोक जिथं चुकलं तेवढंच उलट्या बाजूला ओढून आणणारी. प्रत्येकीवर पंचाचं एक बारीक टिंब, कुठल्या अंगानं बसवायची त्याची खूण. हे एका दिवसाचं काम नाही. करा, ठोका, डायल लावा, काढा, पुन्हा घासा. मी क्रँकवर डायल लावला आणि फिरवला. सुई जवळजवळ हललीच नाही.

आणि प्लेटच्या काठावर तारीख कोरलेली होती. तुम्ही केलेल्या प्रत्येक कामावर कोरायचे तशी. मी बोटांवर मोजलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलं. त्या रविवारच्या नऊ दिवस आधीची तारीख होती.

नऊ दिवस आधी, भाऊजी. म्हणजे त्या ताटावर बसून मी हसलो तेव्हा गाडी नीट झालेली होती. चूक कोणाची हे तुम्हाला मिलिमीटरमधे माहीत होतं. आणि तुम्ही वरणभात कालवत म्हणाले, माये माउंटच चुकले.

मी तिथंच फरशीवर बसलो. किती वेळ ते माहीत नाही. चहावाला येऊन ग्लास ठेवून गेला, त्याच्यावर साय आली. बाजूला माझी नवी प्लेट चकाकत होती, आणि मला वाटलं ती उचलून बाहेरच्या ट्रकखाली फेकावी.

प्रज्ञा बँकेतून सरळ तिथंच आली. तिनं उघडा गिअरबॉक्स पाहिला, नवी प्लेट पाहिली, मला पाहिलं. मी म्हणालो, "बेटा, ती प्लेट माझी चुकली होती. तुझ्या पप्पाचे माउंट बरोबर होते. मी डायल लावलाच नव्हता."

तिनं मान जराशी तिरपी केली.

"हऽऽव," म्हणाली.

तोच सूर, तीच मान. मग म्हणाली, "मालूम है, मामा. वो डॉवेल बनाते टाइम डायल मैंने ही पकड़ा था. पूरे पाँच दिन."

"मग तू बोलली काहून नाही?"

ती सीटच्या कडेवर बसली. ही पोट्टी लहानपणापासून आपल्याशी हिंदीतच बोलली, मराठी समजते पण तोंडातून निघत नाही, तुम्ही किती चिडवायचे तिला. त्या दिवशी ती मराठीत बोलली. तुमच्या शब्दात बोलली, अडखळत, एक-एक शब्द जपून ठेवलेला काढावा तशी. "पापा बोले थे, 'मामाले काही सांगायचं नाही. तो आपल्या तोंडानं सांगन. सांगन तवा फक्त हव म्हणजो.'"

मग ती रडली. अठरा दिवसांत पहिल्यांदा रडली, असं ताई नंतर म्हणाली. आम्ही दोघांनी मिळून गिअरबॉक्स परत चढवला. माझीच जुनी प्लेट, तुमचेच डॉवेल. बोल्ट तिनं कसले, मी पाने दिले.

काल ताईकडे गेलो. आधी सगळं सांगितलं, कागदापासून, जाळण्यापासून, त्या रविवारपर्यंत. ती ऐकत राहिली. एवढंच म्हणाली, "मले वाटलंच होतं, माउंटसाठी एवढा खुश काहून होता हा माणूस." मग विचारलं, "चालते का गाडी?" मी म्हणालो, चालते. परवा धावपट्टीवर जायचं आहे. दुसऱ्या सीटवर मी बसणार आहे. बॉनेटवरची दोन भोकं तशीच ठेवू म्हणते प्रज्ञा. तो वाद तुमच्याशिवाय मिटवायचा नाही.

पण मला एकच गोष्ट खाते, भाऊजी. मला वाटत होतं मी तुमच्यापासून लपवून राहिलो. तुम्ही तर वाट पाहून राहिले होते. दर आठवड्याला फोन करत होते, ये म्हणत होते, गाडी दाखवायला नव्हे. चार महिने तुम्ही ते 'हव' तोंडात धरून बसले होते, आणि मी वीस मिनिटांवरून आलो नाही. मास्कखालीसुद्धा तेच असेल. माझं बोट धरलं होतं तेव्हा.

मला-तुला राहू द्या आता. मले नाही जमत.

प्लेट मायी चुकली, भाऊजी. कागदावरून काढली होती, डायल लावलाच नव्हता मी. तुमाले खोटं सांगतलं.

आता म्हणा तुम्ही.